पचमढी, मार्गे अहिवारा

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. गाडी फाटकातून बाहेर निघाली होती!

घरात गाडी बांधायची आणि मग ती फाटकातून निघायचीच नाही, असले प्रकार दुसऱ्यांकडे होतात. मी शामसुंदर बोरकुटे, भिलाईच्या पोलाद कारखान्यात एकोणीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात पेन्सिल झिजवलेला माणूस. फाटक मी तीनदा मोजलं होतं. एकदा टेपनं, एकदा स्टीलच्या पट्टीनं आणि एकदा, दोन्ही सापडत नव्हते तेव्हा, माझ्या बायकोच्या, शैलाच्या, नव्या साडीनं! गाडी दोन्हीकडे चार-चार बोटं जागा सोडून ऐटीत बाहेर पडली. पुढं जे झालं त्याला माझं मोजमाप जबाबदार नाही. म्हणजे, आहे. पण एकट्या माझं नाही!

गोष्ट शहाऐंशी सालची. नंदिनी खाणीवरच्या एका म्हाताऱ्या ठेकेदाराकडे मला एक जीप दिसली. दुसऱ्या महायुद्धातली, मिलिटरीची. टप नाही, एक दिवा नाही आणि मागच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवत बसलेली. "पिल्लं निघू द्या, मग गाडी न्या," ठेकेदार म्हणाला. मी थांबलो. पिल्लं निघाली, मी पुढून हँडल मारलं, आणि ती जीप असं काही खोकली की मी जागच्या जागी तिचा झालो!

डोक्यात बेत तयारच होता. लायब्ररीतल्या एका विलायती मासिकात मी फोटो पाहिला होता. पुढं गाडी, मागं चाकावरचं छोटंसं घर. दोन पलंग, घडीचं टेबल, स्टोव्ह, खिडकीला पडदा. जिथं वाटेल तिथं थांबायचं आणि झोपायचं! मी ठरवलं, जीपचा मागचा भाग कापायचा, चेसिस दोन हात वाढवायची, तिचा छोटा ट्रक करायचा आणि मागं हे घर जोडायचं. भिलाईत नव्हे, अख्ख्या मध्य प्रदेशात असं कोणाकडे नसेल!

आता शैलाचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि अकराही वर्षं आमचं क्वार्टर म्हणजे धर्मशाळा होती. भिलाईत नोकरी लागते अशी ख्याती विदर्भभर पसरलेली. त्यामुळे माझे पुतणे, तिचे भाचे, कोणाच्या तरी आत्याचे दीर, सगळे सर्टिफिकिटांची पिशवी घेऊन आमच्याकडे उतरायचे आणि वर्ष-वर्ष राहायचे. शैला पाच वाजता उठायची ती रात्री शेवटच्या पुतण्याचं ताट उचलूनच टेकायची. सुट्टीत आम्ही पुलगावला तिच्या माहेरी जायचो. तिथं ती तिथल्या लोकांचा स्वयंपाक करायची.

स्वयंपाकघरात एक जुनं कॅलेंडर होतं. वर्ष संपलं तरी तिनं ते काढलं नव्हतं, कारण त्यावर पचमढीचा डोंगर होता.

"मले जास्त काही नाई पायजे," ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली होती. "एक सकाळ पायजे. आपण उठाचं नाई. कोनी तरी चहा आणून द्याचा अन् खिडकीतून डोंगर दिसला पायजे. बस!"

त्या वर्षी तिनं स्वतः दुर्ग स्टेशनावर अडीच तास रांगेत उभं राहून बावीस डिसेंबरचं पिपरियाचं रिझर्वेशन काढलं. पिपरियाहून पुढं पचमढीला बस. दोन बर्थ, कन्फर्म! तिकिटं तिनं देवघरात ठेवली होती.

आणि मी ती रद्द करून टाकली. तिला न विचारता!

"सरप्राइज!" मी जीपचं हँडल हवेत फिरवत म्हणालो. "रेल्वेनं कायले जायाचं? आपण आपल्या घरात बसून पचमढीले जाऊ! तू झोपून राहा, मी गाडी चालवतो, अन् सकाळचा चहा माझ्या हातचा!"

शैलानं आधी हँडलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग ती चार दिवस बोलली नाही. वरणात मीठही घातलं नाही. पुतण्यांनी माझ्याकडे फार वाईट नजरेनं पाहिलं.

पाचव्या दिवशी ती म्हणाली, "बावीसले निघाचं होतं, बावीसलेच निघाचं. अन् पचमढी नाई दिसली, तं मी बाबासंगं पुलगावले जाईन. तुमी त्या डब्यात राहाजा, पुतण्यासहित!"

ती चेष्टा करत नव्हती, हे मला अळणी वरणावरून कळलं होतं. मी कामाला लागलो.

इथं आम्हा भिलाईकरांची एक सवय सांगायला हवी. आम्हाला पातळ काही बनवताच येत नाही! आमच्याकडे मच्छरदाणीच्या दांड्या अशा असतात की त्यांना म्हैस बांधावी. माझ्या शेजाऱ्यानं मुलीसाठी पाळणा बनवला, तो चौघांनी उचलून आत आणला. दिवसभर जाडजूड लोखंडात वावरणारी माणसं आम्ही. मनगटाएवढं नसेल तर त्याला आम्ही लोखंड म्हणत नाही, तार म्हणतो.

पण मी शास्त्राचा माणूस! रीतसर हिशेब केला. डब्याला एक मिलिमीटरचा पत्रा भरपूर होता. तरी आपलं असावं म्हणून मी ड्रॉइंगवर दोन लिहिलं. थोडी मार्जिन ठेवलेली बरी. सही केली, तारीख घातली आणि ड्रॉइंग घेऊन देवरावकडे गेलो.

देवराव माझा दोस्त. वेल्डिंगचा फोरमन, मन मोठं, आवाज त्याहून मोठा. त्यानं ड्रॉइंग उभं धरून पाहिलं, आडवं धरून पाहिलं, ओठांचा चंबू केला आणि मला विचारलं, "दोन?"

"दोन."

"बरं," तो म्हणाला. कानावरची पेन्सिल काढली आणि ड्रॉइंगची गुंडाळी केली. "तू जीपचं पाय. डब्याची चिंता सोडून दे. मी पायतो नं!"

किती छान मित्र, मला वाटलं!

डबा बनणार होता भिलाईजवळच्या हथखोजला नरहरी खोब्रागडेच्या वर्कशॉपात. नरहरी म्हणजे अबोल माणूस. बोलण्याऐवजी तो वस्तू ठोकून पाहतो. देवरावनं दिलेला कागद त्यानं पाहिला, मान हलवली आणि म्हणाला, "जमते. मी पायतो."

सगळेच पाहत होते! मी निश्चिंत मनानं जीप कापायला बसलो.

नोव्हेंबर संपता संपता जीपचा ट्रक झाला. मागं लाकडी फळ्यांचा हौदा, बाजूला पाण्याची टाकी, हिरवागार रंग. मी तिला घेऊन सेक्टरमध्ये तीन चकरा मारल्या. लोक दारात येऊन उभे राहिले. शैलासुद्धा पडद्याआडून पाहत होती, मी पाहिलं!

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुलगावहून माझे सासरे आले. बाबाराव, रेल्वेचे रिटायर्ड गार्ड. पस्तीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून काढलेली. गाडी इंजिनामुळे चालते, हे त्यांना मान्यच नव्हतं. गाडी गार्डामुळे चालते!

"जावाईबापू, गार्ड कोन हाय या गाडीले?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"गार्ड? बाबा, हे आपलं घरगुती..."

"मंग मी येतो," ते म्हणाले आणि ट्रंकेतून हिरवी झेंडी, लाल झेंडी आणि शिटी काढली. दुसऱ्या दिवसापासून ते रोज जेवणाचा डबा घेऊन सायकलनं हथखोजला जायला लागले. "काही नाई, फक्त डब्याखालची अंडरफ्रेम पायतो," म्हणायचे. संध्याकाळी हात काळे करून हसत परत यायचे.

अठरा तारखेला डबा घरी आला. ट्रॅक्टर ओढत होता. देखणं काम! निळा रंग, दोन खिडक्या, आत प्लायवूड ठोकलेलं, शैलानं शिवलेले पडदे लावायला दांड्या. फक्त चाकं ट्रकची होती.

"मी तं लहान चाकं लिहिली होती, नरहरी!"

"हे बरी दिसते," नरहरी म्हणाला.

खरंच बरी दिसत होती. मी डब्यावर टिचकी मारली. टण् असा आवाज यायला हवा होता. आला ठप्प! वा, काय मजबूत काम आहे, मी मनात म्हणालो. ट्रॅक्टरवाला मात्र डिसेंबरच्या थंडीत घाम पुसत होता. मला वाटलं, आजारी असेल बिचारा.

बावीस तारीख उजाडली. जीपमध्ये मी आणि देवराव. देवराव फक्त अहिवाऱ्यापर्यंत येणार होता, तिथून बसनं परत. डब्यात शैला. मागच्या पायरीवर बाबाराव, अंगावर जुना काळा कोट, गळ्यात शिटी.

"शैला, तू फक्त झोपाचं," मी खिडकीतून म्हणालो. "पचमढी आली का मी उठवतो. चहासहित!"

"पायतो," शैला म्हणाली. पण गालातल्या गालात हसत होती. त्या हसण्यासाठी मी त्या दिवशी जीप हातानं ओढली असती.

बाबारावांनी शिटी फुंकली, हिरवी झेंडी दाखवली. मी क्लच सोडला. जीप थरथरली, कण्हली, आणि निघाली! फाटकातून! दोन्हीकडे चार-चार बोटं! पुतण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"शाम," देवराव काही वेळानं म्हणाला, "दुसरा गियर टाक नं."

"टाकला तं थांबते."

"नवी गाडी हाय. हळूहळू मोकळी होईन," देवराव म्हणाला.

चव्वेचाळीस सालच्या जीपला नवी म्हणणारा तो पहिलाच. आम्ही पहिल्याच गियरमध्ये निघालो. सायकलवाले पुढं गेले. दूधवाला पुढं गेला. एक आजोबा काठी टेकत चालले होते, त्यांनी बराच वेळ आम्हाला सोबत केली आणि मग कंटाळून तेही पुढं गेले. धानाचे भारे लादलेली एक बैलगाडी मागून आली. गाडीवानानं आमच्या बरोबरीनं चालत देवरावला विडी दिली, पेटवून दिली, घरच्यांची चौकशी केली आणि राम-राम करून निघून गेला.

"बाबा!" मी मागं ओरडलो. "काही अडकलं काय?"

"लाइन क्लिअर हाय!" मागून शिटी. "राइट टाइम चालून राहिलो!"

पस्तीस वर्षं मालगाडीत काढलेल्या माणसाला तो वेग अगदी घरचा वाटत होता.

अहिवारा यायला दुपार झाली. तिकडं चुनखडीच्या खाणी, ट्रकची वर्दळ. रस्त्यावर एक नाका होता आणि नाक्याला लागून मोठा वजनकाटा. भरलेली गाडी काट्यावर चढल्याशिवाय पुढं सोडायची नाही, असा तिथला नियम. नाक्यावर टिकाराम नावाचा माणूस काठी घेऊन उभा होता. त्यानं काठी आडवी केली आणि छत्तीसगढीत विचारलं,

"का भरे हव भइया?"

"कुछ नहीं. खाली है!" मी अभिमानानं म्हणालो.

टिकारामनं खाली वाकून टायर पाहिले. ते पोळीसारखे पसरले होते. "खाली? टायर त रोवत हे!"

"अरे भाई, अंदर बिस्तर है, स्टोव्ह है और मेरी बीवी सो रही है."

टिकाराम डब्याभोवती एक चक्कर मारून आला. काठीनं ठोकून पाहिलं. ठप्प! दुसरीकडे ठोकलं. ठप्प! मग त्याला मागच्या पायरीवर काळ्या कोटातले बाबाराव दिसले, गळ्यात शिटी, हातात झेंडी. तो एकदम दोन पावलं मागं सरला आणि त्यानं कडक सलाम ठोकला.

"कोन बैंक के खजाना हे साहब?"

"बैंक?" बाबाराव छाती फुगवून म्हणाले. "मैं गार्ड हूँ!"

झालं! खजाना आणि वर गार्ड! पाच मिनिटांत नाक्यावर वीस-पंचवीस माणसं जमली. मी घसा फोडून सांगत होतो की आत खजाना नाही, माझी बायको आहे. एक ट्रकवाला दुसऱ्याला म्हणाला, "देख, कितना समझाकर भेजते हैं इनको!"

"बिस्तर के आवाज अइसन नइ होवय," टिकारामनं शेवटी निकाल दिला. "चढ़ाव काँटा म!"

काट्यावर चढायला एक लहानसा उतार होता. लहानसाच! मी जीप सरळ केली, बाबारावांनी शिटी दिली, मी जोर लावला. पुढची चाकं चढली, मागची चढली आणि डब्याची चाकं उताराला लागली. तेवढ्यात माझ्या समोरचा रस्ता खाली गेला. मग टिकारामची टोपी खाली गेली. मग झाडांचे शेंडे खाली गेले.

"शाम," देवराव हळूच म्हणाला, "मले आभाळ दिसून राहिलं."

"मलेही!"

"स्टेरिंग फिरव!"

"फिरवून राहिलो! चाकं हवेत हायेत!"

"ब्रेक मार!"

"कोनाले मारू? आपून चालूनच नाई राहिलो!"

डब्यानं जीपचं शेपूट असं खाली दाबलं होतं की ती सर्कशीतल्या घोड्यासारखी मागच्या दोन पायांवर उभी झाली! देवराव माझ्या मांडीला धरून बसला. आणि मागून, डब्याच्या पलीकडून, ज्यांना यातलं काहीएक दिसत नव्हतं त्या बाबारावांचा खणखणीत आवाज आला, "चालू द्या! लाइन क्लिअर हाय!"

शेवटी ट्रकवाले धावले. आठ जण जीपच्या नाकाला लोंबकळले, पंधरा जणांनी डबा मागून ढकलला. धडाम! जीप खाली आली, सगळी वरात काट्यावर चढली, आणि क्लचमधून जळका वास यायला लागला. इंजिन बंद. हँडल मारलं, इंजिन चाललं, पण गाडी ना पुढं, ना मागं. क्लच जळून गेला होता.

टिकाराम खिडकीतून एक चिठ्ठी घेऊन बाहेर आला. फार अदबीनं त्यानं ती माझ्या हातात दिली.

चार हजार नऊशे वीस किलो!

"काटा खराब है," मी म्हणालो.

"काँटा ठीक हे साहब," टिकाराम म्हणाला.

मी देवरावकडे पाहिलं. देवराव आपल्या चपलेकडे पाहत होता.

"जीप बाराशे किलो," मी म्हणालो. "माझ्या हिशेबानं डबा सहाशे. हे वरचे तीन हजार किलो कोठून आले, देवराव?"

"आता कसं हाय शाम..." देवरावनं डोकं खाजवलं. "तू दोन लिहिले होते. तुमी ड्रॉइंग ऑफिसवाले पंख्याखाली बसून लिहिता. तुमाले काय मालूम लोखंड कसं असते? मी आपले चार केले."

"अरे, मी एकाचे दोन केले होते! मार्जिन मीच ठेवली होती!"

"मले काय मालूम! मी बी मार्जिनच ठेवली!"

"म्हणजे चार?"

"चारच," देवराव म्हणाला आणि थांबला. "पन नरहरी लेका वेल्डरवर भरोसा नाई ठेवत. त्याले वाटते आमी काम लवकर आटपाले पातळ सांगतो. त्यानं..."

"आठ?"

"आठच असतीन. जास्त नाई."

आठ मिलिमीटर! त्या पत्र्याच्या आत माझी बायको झोपली होती!

"पन आठानंबी इतकं होत नाई," देवराव बोटांवर हिशेब करत म्हणाला. आम्ही दोघांनी एकदमच मान वळवली. बाबाराव झेंडीची घडी करत होते, फार मन लावून.

"बाबा?"

"अंडरफ्रेम कच्ची होती, जावाईबापू," ते म्हणाले. "पोरगी बसनार होती आत. मी फक्त खालून रुळाचे दोन तुकडे टाकाले लावले. लहान लहान."

मला त्या तिघांवर ओरडायचं होतं. पण कोणावर ओरडणार? प्रत्येकानं जे केलं होतं, तेच सगळ्यांच्या आधी मी केलं होतं! दुसऱ्याचं कमी पडेल म्हणून आपलं थोडं वर टाकायचं आणि सांगायचं नाही. चौघांनी मिळून शैलाच्या एका सकाळीवर तीन टन माया घातली होती, आणि आता ती सकाळ जागची हलत नव्हती.

इकडे काटा अडलेला. मागं चुनखडीचे सतरा ट्रक ओळीनं उभे. सतराही भोंगे एकदम! कानठळ्या बसत होत्या. टिकाराम डोक्याला हात लावून बसला.

आणि मग माझ्या लक्षात आलं की डब्यातून काहीच आवाज येत नाही. इतकं धडाम झालं, जीप उभी राहिली, सतरा भोंगे वाजताहेत, आणि शैला? मी आणि देवराव धावलो. दार ओढलं. दार हलेना! आठ मिलिमीटरचं दार, त्यात दणक्यानं चौकटीत रुतलेलं! दोघांनी पाय रोवून ओढलं तेव्हा कुठं ते उघडलं.

शैला गाढ झोपली होती. गालाखाली हात, पांघरूण नाकापर्यंत. आत ना धूळ, ना धक्का, ना आवाज. अकरा वर्षांत मी तिला दिवसाउजेडी झोपलेली पहिल्यांदाच पाहत होतो.

उजेडानं ती हलली. डोळे किलकिले केले. गालावर उशीच्या शिलाईची रेघ उमटली होती.

"आली काय पचमढी?"

देवराव लगबगीनं बाजूला झाला. असल्या वेळी तो फार समजूतदार असतो.

"शैला," मी म्हणालो, "हे अहिवारा हाय."

ती उठून बसली. खिडकीचा पडदा सारला. बाहेर चुनखडीचा पांढराफेक ढीग होता, चांगला उंच, दुपारच्या उन्हात चमकत होता. तिनं बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, रुळाचे तुकडे, क्लच. रिझर्वेशन रद्द केल्याचंही पुन्हा एकदा सांगितलं, कारण मला त्याचीच जास्त लाज वाटत होती.

"चुकलो मी," मी म्हणालो. "तू रांगेत उभी राहिली होती. मी तुले विचारलंबी नाई."

आता पुलगाव! मी मनातल्या मनात पुतण्यांसोबत डब्यात राहायला गेलोही होतो.

शैलानं एक मोठी जांभई दिली.

"किती वाजले?"

"अडीच."

"म्हंजे मी सात-आठ घंटे झोपली?" ती स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. "चहा कुठं हाय?"

"आं?"

"चहासहित उठवतो म्हणत होते नं?"

मी काट्यावरच स्टोव्ह पेटवला! सतरा ट्रकवाल्यांच्या साक्षीनं चहा केला. दूध उतू गेलं, साखर जास्त झाली, हात भाजला. कप खिडकीतून आत दिला. तिनं ढिगाकडे पाहत पाहत तो संपवला, कप परत दिला आणि पुन्हा आडवी झाली.

"मी झोपतो. गाडी कुठंबी न्या, मले उठवू नका."

ट्रकवाल्यांनी हे ऐकलं. जो सगळ्यात मोठ्यानं भोंगा वाजवत होता, त्यानंच बाकीच्यांना गप्प केलं. "भाभीजी सो रही हैं!" मग सगळ्यांनी मिळून, दबक्या आवाजात हईशा म्हणत, आमची वरात काट्यावरून उतरवून एका कडुलिंबाखाली लावली. बाबारावांनी शिटी तोंडात धरली होती, पण फुंकली नाही.

तिथं आम्ही तीन दिवस राहिलो. देवराव परत गेला आणि चौथ्या दिवशी नरहरीला व क्रेनवाल्याला घेऊन आला. क्रेननं डबा उचलताना क्रेनवाल्यानं विचारलं, "इसमें भरा क्या है?" नरहरीनं डबा एकदा ठोकून पाहिला आणि म्हणाला, "चांगला झाला."

आता या गोष्टीला चार वर्षं झाली. जीप त्या ठेकेदाराकडे परत गेली आहे. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा तिच्यात पुन्हा कोंबडी बसली होती. डबा आमच्या मागच्या अंगणात आहे, आणि कायम राहील. त्याला हलवू शकेल असा तो एकच क्रेनवाला, आणि तो पुन्हा आमच्या गल्लीत यायला तयार नाही. टाऊनशिपच्या ऑफिसातून एकदा एक साहेब आले होते. म्हणाले, हे विनापरवाना बांधकाम आहे. मी म्हणालो, साहेब, ही गाडी आहे, हे बघा चाकं! "मग चालवून दाखवा," ते म्हणाले. तेव्हापासून त्यांचा आणि माझा पत्रव्यवहार चालू आहे.

शैलानं डब्याच्या दारावर स्वतःच्या हातानं पांढऱ्या रंगात लिहिलं आहे: पचमढी. खिडकीसमोरच्या भिंतीवर देवरावनं डोंगर रंगवून दिला. तो अहिवाऱ्याच्या ढिगासारखा दिसतो, पण तिला तोच हवा होता. शनिवारी रात्री जेवणं झाली की ती उशी घेते, पुतण्यांना म्हणते, "मी पचमढीले जाऊन राहिली," आणि आतून कडी लावते. आठ मिलिमीटरच्या पलीकडे कोणाचाही आवाज पोचत नाही. रविवारी सकाळी साडेसहाला मी खिडकीतून चहा देतो. आता दूध उतू जात नाही.

गेल्या शनिवारी पुतण्यांची संख्या सहा झाली. मला माझ्याच क्वार्टरमध्ये आडवं व्हायला जागा उरली नाही. मी उशी घेऊन मागच्या अंगणात गेलो. खिडकी ठोठावली. ठप्प ठप्प!

"शैला, मी म्हणत होतो, या वर्षी खरंच रेल्वेनं जाऊ पचमढीले. मी उभा राहतो रांगेत."

"कायले? माझी पचमढी हाय नं इथं."

"मग मले आत येऊ दे! दोन पलंग हायेत!"

पडदा जरासा सरकला.

"रिझर्वेशन हाय काय?"

"वेटिंग लिस्ट," मी म्हणालो. "एक नंबर."

"एक नंबरवर बाबा हायेत. उद्या पुलगावहून येऊन राहिले," शैला म्हणाली. "तुमी दोनवर." आणि पडदा बंद झाला.